आडातली नळी

उमापूर,
६ मार्च २०१६

वाहेदभाई,

तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. शेवटच्या चार ओळी तुमच्या कुटुंबाने, आमिनाबींनी, स्वतः लिहिल्यात, त्या मी दोनदा वाचल्या. हे जाऊन आता महिना उलटला. दिवसकार्य नीट पार पडलं. अस्थी आपल्या इथल्या गंगेत सोडल्या, त्यासाठी यांच्या पुतण्याला, सिदूला, बरोबर नेलं होतं. तुम्ही येऊ शकला नाहीत याचं मनाला लावून घेऊ नका. हैदराबाद काही गेवराईच्या पलीकडे नाही.

लोक भेटायला येतात आणि माझ्या कानाशी ओरडून सांत्वन करतात. वीस वर्षं मला धड ऐकू येत नाही, हे गावाला ठाऊक आहे, तरी सगळ्यांना वाटतं की आपल्या ओरडण्यात काही खास असेल. फोन मी उचलतच नाही. म्हणून हे पत्र.

काम माशांचं आहे. दूध संस्थेतून हे सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले तेव्हा संचालकांनी शाल-नारळाऐवजी ती काचेची टाकी दिली. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. मी तेव्हाच म्हटलं होतं की दूध मोजणाऱ्या माणसाला मासे कशाला. पण यांनी सात एंजल मासे आणले आणि त्यांच्यापुढे खुर्ची टाकून बसले ते बसलेच. आमच्या आडाच्या खाऱ्या पाण्यात ते जगेनात, म्हणून तुम्ही पाणी गोडं करायचं मशीन बसवून दिलंत.

आता त्या मशीनला काहीतरी झालंय. ते पेनाएवढं मीटर पाण्यात बुडवून हे रोज सकाळी आडाच्या पाण्यातल्या क्षाराचा आकडा कॅलेंडरवर लिहायचे, जशी संस्थेत दुधाची डिग्री लिहायचे. तेच मी चालू ठेवलंय. जानेवारीअखेर अकराशे होता. आज सतराशे साठ आहे. गोडं पाणी थेंब थेंब येतं. मधूनच मशीनमधून घरघर येते, कुणी घसा साफ करावा तशी.

गावात टँकर चौथ्या दिवशी येतो, आणि माझ्या घरात माशांना फिल्टरचं पाणी, म्हणून लोक नावं ठेवतात. ठेवू देत. आडाला मी झाकण घालून कुलूप लावलंय, कुणाला घागर बुडवू देत नाही. पाणी चार हातच उरलंय. मला हे मासे जगवायचेत. काय करू ते कळवा.

विमल


हैदराबाद,
१४ मार्च २०१६

विमलवैनी,

सलाम. तुमचं पत्र आमिनाबीला वाचून दाखवलं. ओरडून सांत्वन करणाऱ्यांचं वाचून ती हसली आणि मग रडायला लागली.

आकडा वाढला तर घाबरू नका, यात चूक असेल तर ती माझी आणि सेक्रेटरींची मिळून आहे. हे मशीन एक बादली गोडं पाणी द्यायला तीन बादल्या खारं पाणी बाहेर फेकतं. ज्या माणसाने तीस वर्षं संस्थेत सांडलेलं दूधसुद्धा रजिस्टरात लिहिलं, त्याला ते पाहवणार कसं? म्हणाले, "वाहेद, येक थेंब बाहेर गेला तर मशीन तुज्या दुकानात आणून टाकीन." म्हणून मी वेस्टची नळी परत आडातच सोडली. गोडं पाणी टाकीत जातं आणि तिथून हवेत उडतं. मशीनने अडवलेला क्षार मात्र पुन्हा आडात, पुन्हा मशीनमध्ये, पुन्हा आडात. आड भरलेला होता तोवर हे खपून गेलं. आता पाणी कमी, म्हणून क्षार दाटला.

पहिल्या पांढऱ्या डब्यातली कँडल काढून धुवा. डबा उलट्या हाताने फिरवला की उघडतो. धुतल्यावर पाण्याला जोर येईल. घरघर म्हणजे मोटरने हवा ओढली, बाकी काही नाही.

एक मात्र मला कळलं नाही. वैनी, मी तिकडे राहायचो तेव्हा दुकानात तुमच्या मागे हातोडा आपटला तरी तुम्ही वळत नव्हता. ही घरघर तुम्हाला ऐकू कशी आली?

मासे जगतील. सेक्रेटरींच्या माशांची मरायची हिंमत नाही.

वाहेद


उमापूर,
२५ मार्च २०१६

वाहेदभाई,

कँडल काढली. मला वाटलं होतं शेवाळ असेल, बुळबुळीत असेल. तसं काही नव्हतं. बोटाला लागली ती कोरडी वाटावी अशी करडी पांढरी पूड, पाण्यात राहूनही. मी ती मोरीत धुतली नाही. घमेल्यात धुतली आणि ते पाणी आडात ओतलं. तुम्ही रागवाल, पण मला मोरीत ओतवेना.

पाण्याला दोन दिवस जोर आला, परत तेच. आजचा आकडा तेवीसशे दहा.

तुम्ही विचारलंत ते मीही स्वतःला विचारलं. मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. गावावरून विमान गेलं तर लोक वर बघतात म्हणून मी बघते. पण हे ऐकू येतं. भर दुपारी येतं, एक ते दोनच्या सुमाराला. आधी एक लहान खोकला, मग थांबून मोठा. हे तसेच खोकायचे. संस्थेत तीस वर्षं पहाटेच्या गारठ्यात उभे राहून लागलेला तो खोकला, आम्ही त्याला कधी औषधही केलं नाही.

परवा त्या वेळेला मी मशीनवर तळहात ठेवून उभी राहिले. मोटर चालू असली की हाताला थरथर लागते. थरथर नव्हती. वर बघितलं तर दिवाही नव्हता, लाइट गेलेली होती. खोकला आला. आणि सातही मासे टाकीच्या त्या कोपऱ्यात गोळा झाले जिथे यांची खुर्ची असते. माझ्यासाठी ते कधी गोळा होत नाहीत. मी खाणं टाकते तेव्हासुद्धा मी निघून जाईपर्यंत गवताआड बसतात.

तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलं. मलाही तसं वाटलं असतं. पण काल शेजारची कडूबाई पीठ मागायला आली होती. उंबऱ्यात पाय ठेवला आणि थबकली. चटकन पदर डोक्यावरून ओढून घेतला, हे घरात असले की घ्यायची तसा. मी तिच्या ओठांकडे बघत होते, मला स्पष्ट कळलं. म्हणाली, "वैनी, आत दादा खोकले का वं?" आणि मग तिचं तिलाच आठवलं. पीठ न घेताच गेली. आज तिने तिच्या पोरीला माझ्या अंगणातून जाऊ दिलं नाही.

मला भीती वाटते असं नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मी साडेबारालाच जेवून मशीनपाशी जाऊन बसते.

विमल


हैदराबाद,
४ एप्रिल २०१६

विमलवैनी,

तुमचं पत्र मी आमिनाबीला वाचून दाखवलं नाही.

मी मिस्त्री माणूस आहे, म्हणून आधी मिस्त्रीचं बोलतो. वहीत हिशेब करून पाहिला. आडात चार हात पाणी, मशीन रोज इतकं चालतं, टाकीतून इतकं उडतं. सगळा क्षार घरातच फिरला तरी आकडा पंधराशेच्या वर जायला नको. तुमचा तेवीसशेच्या वर आहे. म्हणजे आडात काहीतरी आहे जे आधी नव्हतं. कुणी खताचं पोतं टाकलंय का? चुना? पाण्यावरून गावात चिडलेले लोक आहेत असं तुम्हीच लिहिलंत.

करायचं एकच. वेस्टची नळी आडातून काढा आणि परसाच्या भिंतीवरून बाहेर ओढ्याकडे सोडा. मग जे आहे ते दर फेरीला थोडं थोडं बाहेर जाईल. आज वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार करू नका, सेक्रेटरींना मी वर गेल्यावर जबाब देईन.

आता मिस्त्रीचं संपलं. वैनी, आपली ओळख बावीस वर्षांची. दंगलीच्या अफवेत तुम्ही माझ्या पोरांना तीन दिवस तुमच्या माजघरात ठेवलं होतं. मला खरं सांगा. तुम्ही ती पूड मोरीत का ओतली नाही?

वाहेद


उमापूर,
१३ एप्रिल २०१६

वाहेदभाई,

सांगते. तुम्हाला सांगितलं की निदान एका माणसाला ठाऊक असेल.

अस्थी गंगेत सोडल्या असं मी लिहिलं, ते खोटं होतं. गंगेला पाणी नाही. आम्ही गेलो तेव्हा पात्रात ट्रॅक्टर चालत होते. लोकांनी वाळूत कमरेएवढे झिरे खोदले होते. एका झिऱ्यात बाया वाटीने पाणी भरत होत्या आणि दुसऱ्या झिऱ्यात गुरुजी अस्थी सोडायला लावत होते, मध्ये चार पावलांचं अंतर. सिदू म्हणाला, "काकू, समदे हितंच सोडायलेत. चला, यष्टी जाईल." मी त्याला वर टपरीवर चहाला पाठवलं. झिऱ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाकुणाची फुलं त्यात पडलेली, पाणी जागचं हलत नव्हतं. तीस वर्षं उभ्याने काम केलेल्या माणसाला मी त्या डबक्यात बसवू? अस्थी वाहत्या पाण्यात सोडायच्या असतात. मी गाठोडं पदराआड घेऊन परत आले.

आणि एसटीत बसल्या बसल्या मला सुचलं की साऱ्या उमापुरात वाहतं पाणी एकाच ठिकाणी आहे. आमच्या आडातून वर येतं, मशीनमधून जातं आणि परत आडात पडतं. दिवसभर वाहतं. यांच्याच हट्टाने वाहतं. त्या संध्याकाळी मी अस्थी आडात सोडल्या आणि झाकणाला कुलूप लावलं, म्हणजे ते पाणी दुसऱ्या कुणाच्या पोटात जायला नको. मला वाटलं, फार चांगलं केलं.

ते पाणी वाहतं खरं, पण कुठं जात नाही, हे मशीनबद्दलचं तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला कळलं. पुन्हा आडात, पुन्हा मशीनमध्ये, पुन्हा आडात, असं तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही क्षाराबद्दल लिहिलं होतं. मी ते वाचून चुलीपाशी बसून राहिले.

तुमचं दुसरं पत्र आल्यावर नळी काढली. भिंतीवरून ओढ्याकडे सोडली. दुपारी जरा डोळा लागला. उठून बघते तर नळी पुन्हा आडात, झाकणाच्या भोकातून आत गेलेली. परसाच्या दाराला आतून कडी होती. दुसऱ्या दिवशी काढली, परत तेच. मला वाटलं, यांना जायचं नाही. तुम्हाला खरं सांगते, मला आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी नळी दोरीने भिंतीच्या खुंटीला बांधली, चार गाठी मारल्या. उठले तेव्हा दोरी सोडून नीट गुंडाळून ठेवलेली होती. मी दोरी तशीच गुंडाळते, कोपराभोवती. मग पाय बघितले. घोट्यापर्यंत चिखल. या दिवसांत उमापुरात चिखल फक्त त्या भिंतीपाशी आहे, जिथे नळीचं पाणी पडतं.

म्हणजे यांना मीच धरून ठेवलंय, वाहेदभाई. झोपेतसुद्धा सोडत नाही.

का, ते पण लिहिते. गेले त्या सकाळी हे माझ्यावर ओरडले. माशांना खाणं द्यायचं राहिलं होतं, एवढंच. मी म्हटलं, ओरडू नका, आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघाले. पाठीमागून हे परत काहीतरी बोलले. काहीतरी बोलले एवढंच कळलं. ओठ बघायला मी वळले असते तर समजलं असतं. मी वळले नाही. दुपारी जेवायला बोलवायला गेले तेव्हा खुर्चीत मान टाकलेली होती.

ते काय बोलले ते मला कळलं नाही. रागाचंच काही असेल तर तेच शेवटचं. दुसरं काही असेल तर मी ते ऐकलं नाही. मी रोज दुपारी त्या मशीनपाशी बसते ती या एका गोष्टीसाठी. खोकला झाला की माणूस बोलायला लागतो ना. हे खोकतात आणि मग गप्प होतात.

आजचा आकडा तीन हजार चारशे.

विमल


हैदराबाद,
२१ एप्रिल २०१६

वैनी,

एवढ्याशा अस्थींनी मीटरचा आकडा असा वाढत नाही, हे मला धंदा म्हणून सांगावं लागतं. कावून वाढला ते मला माहीत नाही. मी माहीत करून घेणारही नाही.

मी पण तुमच्यापासून एक लपवलं. त्या दिवशी सकाळी साडेदहाला सेक्रेटरींचा मला फोन आला होता. हे मी सांत्वनाच्या पत्रात लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. कशाची लाज ते पुढे कळेल.

ते म्हणाले, "वाहेद, म्या आज पुन्ना वरडलो बे तिच्यावर. वरडल्याबिगर तिला आयकू जात न्हाई, आन् वरडलं की तिला वाटतं राग हाय. राग न्हाई बे. ईस वर्षं झाली, हळू बोलायचं राह्यलंच. आत्ता ती पाठमोरी असताना हळू बोलून बघितलं. तिला कळलंच न्हाई."

मी विचारलं, काय बोललात. तर म्हणाले, "ते तुला कावून सांगू?" आणि हसले. मीही हसलो. म्हटलं, सेक्रेटरी, म्हातारपणी काय सिनेमा लावलाय, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. खरं तर गिऱ्हाईक नव्हतं. चहा आला होता. दोन घटका बोललो असतो तर आज तुम्हाला ते शब्द सांगू शकलो असतो. तीन तासांनी ते गेले. ती लाज मला आजपर्यंत आहे.

म्हणजे राग नव्हता, हे मी कुराणावर हात ठेवून सांगतो. यापुढचं माझ्याकडे नाही.

आता ऐका. आमच्यात माणूस मातीला देतात, तुमच्यात पाण्याला. कुठेही दिला तरी द्यावा लागतो. तुमच्या परसामागचा ओढा गंगेलाच मिळतो. आज तिथे वाळू आहे. पण झिरा खोदला की पाणी लागतं ते कशामुळे? वाळूखालून पाणी चालत असतंच. तुम्ही सोडा, ते पोचतील.

मशीन चालू ठेवा आणि दोन्ही नळ्या, गोड्याची आणि खाऱ्याची, बाहेर सोडा, म्हणजे काही मागे राहणार नाही. आड रिकामा होईपर्यंत. दुपारी एकट्या झोपू नका, कडूबाईला खरं सांगून बसवून घ्या. माशांना मात्र मग पाणी उरणार नाही. माझा भाऊ पाशा बीडला फळं विकतो, त्याच्या लेकीकडे टाकी आहे. त्याला मी सांगितलंय, तो टेंपो घेऊन येईल.

मी येऊ का? सांगाल तर उद्या निघतो.

वाहेद


उमापूर,
३ मे २०१६

वाहेदभाई,

तुम्हाला बोलावलं नाही याचा राग धरू नका. हे माझं मला करायचं होतं.

पाशाभाई मंगळवारी आले. मासे न्यायला भांडं काय द्यावं कळेना, शेवटी संस्थेच्या बंद खोलीतून दुधाचे दोन कॅन आणले. सिदूने झाकणाला भोकं पाडली. साती मासे नीट पोचल्याचा निरोप आहे. टेंपो वळला तेव्हा मला वाटलं होतं रडू येईल, आलं नाही.

कडूबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, गावभर करेल. ती म्हणाली, "माज्या सासऱ्याला त्या झिऱ्यातच सोडलं वं वैनी. मला अजून झोप न्हाई." मग रोज जेवण आटोपून यायची आणि माझ्या पदराचं टोक तिच्या पदराला गाठ मारून बसायची. मला झोप लागली तरी उठून जाता येऊ नये म्हणून. एकदा गाठ ताणून मला जाग आली. मी उभी होते, हात नळीकडे होता. कडूबाईने मला खाली ओढून बसवलं.

तीन दिवस पाणी ओढ्यात गेलं. वाळू ते जागच्या जागी पीत होती, हातभर लांबसुद्धा ओघळ गेला नाही. भिंतीपलीकडून लोकांनी विचारलं, एवढं पाणी वाया कशाला. कडूबाईने त्यांना काय सांगितलं ते माझी तिच्याकडे पाठ होती म्हणून कळलं नाही, पण परत कुणी विचारलं नाही. आकडा रोज चढत होता, कालच्यापेक्षा आज जास्त. चार हजारांच्या पुढे मी मीटर बुडवायचं सोडून दिलं.

खोकला पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी नुसता घसा साफ केल्यासारखा. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, एक वाजला, दीड वाजला, काही नाही. मी मशीनवर हात ठेवून होते. आडात तळाचा दगड दिसायला लागला होता. मोटरने हवा ओढली आणि हाताखालची थरथर बदलली. तेव्हा मला वाटलं, संपलं, आता कधीच नाही. मी हात काढून घेतला आणि बटण बंद करायला भिंतीकडे वळले.

तेव्हा हे बोलले. पाठीमागून. एक वाक्य, त्यात माझं नाव होतं.

कडूबाईला विचारलं, तुला काही ऐकू आलं का. ती म्हणाली मोटर कोरडी चालली, तेवढंच. मी बटण दाबलं आणि आम्ही दोघींनी पदराची गाठ सोडली.

काय बोलले ते तुम्हालाही सांगणार नाही, वाहेदभाई. तुम्ही ती लाज आता सोडून द्या. त्यांनी तुम्हाला नाही सांगितलं, तेच बरं झालं. कडूबाई चार हातांवर बसून तिला ऐकू गेलं नाही आणि मला गेलं, इतकं हळू बोलले.

विमल